पैनगंगेच्या उतारावरचा दगड

माझ्या पत्र्याच्या पेटीत तळाशी एक पांढरी टोपी आणि एक दुपट्टा आहे. टोपी फार तर अर्धा तास माझ्या डोक्यावर होती, दुपट्टा तेवढाच वेळ खांद्यावर. पेटी आवरताना सून विचारते, "बाबा, हे कुणी दिलं?" मी म्हणतो, एका गावानं. "कशाबद्दल?" असं तिनं विचारलं की मला खोकला येतो. गेली कित्येक वर्षं तो बरोबर त्याच प्रश्नाला येतो.

सायकलवरून जुनी देवळं आणि नदीकाठ पाहत हिंडलेला मास्तर म्हणून आमच्या भागात लोक मला ओळखतात. त्यावर मी लेख लिहिले, शाळांमधून भाषणं ठोकली. लोणारच्या विवराच्या काठावर सायकली झुडपात लपवून खाली उतरलो ते सांगितलं. सुलतानपूरच्या रस्त्याला एका दिवसात चार वेळा पंक्चर झालो तेही रंगवून सांगितलं. पण त्या सगळ्यात एक गाव कधी आलं नाही. ते मी दर वेळी बाजूनं वळसा घालून टाळलं. आज त्याच गावाचं लिहितो आहे. नाव आजही लिहीत नाही, कारण तिथल्या कुणाच्या नातवानं हे वाचलं तर मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही.

महाराष्ट्र होऊन दोन-चार वर्षं झाली होती. मी पुण्याला शिकून नुकताच परत आलो होतो आणि मेहकरकडच्या एका शाळेत इतिहास शिकवायला लागलो होतो. पुण्यानं मला पदवी दिली आणि माझी जीभ काढून घेतली. म्हणजे त्यानं काढली नाही, मीच देऊन टाकली. खानावळीत पहिल्याच दिवशी मी "मले भाजी द्या" म्हणालो आणि पंगतीतली दहा पोरं फिस्सकन हसली. त्यानंतर मी "मला" असं बोलायला लागलो ते आजपर्यंत. घरी आलो तर आईशीसुद्धा तसंच. ती शेजारणीला म्हणायची, "पोरगं माहंच हाय, पन बोलते पाव्हन्यावानी." मला तेव्हा ते कौतुक वाटायचं. इतका मी दीडशहाणा होतो.

सायकल एका दूधवाल्याकडून घेतलेली, जुनी, काळी, चेनकव्हर नसलेली. पाटलोणीच्या पायाला सुतळी बांधून चालवावी लागे. तिचा एकच गुण होता. दुधाचे कॅन वाहण्यासाठी मागं जाड लोखंडी, रुंद कॅरिअर बसवून घेतलेलं होतं. त्यावर पोतं मावे. जोडीला आमच्या शाळेतले चित्रकला शिक्षक असत. चित्र काढायला चपळ, सायकल चालवायला मंद आणि भूक मात्र सदा तयार. दर रविवारी उजाडताना आम्ही निघायचो. मी दगड पाहायचो, ते दगडाचं चित्र काढायचे, आणि दुपारी कुणाच्या तरी ओट्यावर भाकर मिळायचीच. आमच्या भागात सायकलवर आलेल्या मास्तराला कोणी उपाशी जाऊ देत नसे.

जानेफळच्या बाजूला वर वर गेलं की पैनगंगा आपलीच वाटायला लागते. मोठी नदी नाही ती तिथे. काळ्या खडकांतून वाट काढते, कुठे डोह करते, कुठे नुसतीच पसरून राहते. काठाला करंज, बाभळी, लव्हाळी, आणि वाळूत बगळे. खडकावर धुणं वाळत असतं. मधेच एखादं पडकं हेमाडपंती देऊळ, आत शेळ्या आणि वाघळं, गाभाऱ्यात कडब्याच्या पेंढ्या रचलेल्या. ते पाहून मी संतापायचो. "या लोकांना किंमतच नाही," असं मी चित्रकला मास्तरांना दर रविवारी सांगायचो. ते भाकरीचा तुकडा मोडत "हाव ना" म्हणायचे.

ते गाव आम्हाला दिवाळीनंतर सापडलं. रस्ता नदीत उतरत होता आणि पलीकडे चढत होता. पूल नव्हता, माणसं, गुरं, गाड्या सगळं त्या उथळ जागेवरून पार व्हायचं. अशा जागेला उतार म्हणतात. सायकली खांद्यावर घेऊन आम्ही मांडीभर पाण्यातून चाललो होतो, आणि पलीकडच्या काठाशी, पाण्याला लागूनच, तो दगड उभा होता. वीरगळ. लढाईत मेलेल्या वीराची आठवण म्हणून कोरून उभा करतात तो दगड. खालच्या चौकटीत गायी आणि गायींसाठी लढणारा माणूस, मधल्या चौकटीत त्याला स्वर्गात नेणाऱ्या बायका, वरच्या चौकटीत पिंडीपुढे हात जोडून बसलेला तोच माणूस. माथ्यावर चंद्र आणि सूर्य. मी पाण्यातच ओरडलो. सायकल खांद्यावरून घसरली आणि घंटी पाण्यात पडली, ती पुढे सापडली नाही.

काठावर वांग्या-मिरच्यांचा मळा होता. मळ्यातून एक म्हातारा आला. डोक्याला मुंडासं, हातात खुरपं. त्याची सून मागे विहिरीवर पाणी ओढत होती. मुलगा खामगावकडे कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होता, घरात हे दोघंच. म्हाताऱ्यानं विचारलं, "कुठचे मास्तर तुमी?" म्हटलं, बाबा, हा दगड पाहायला आलोय.

"हा दगड? हाव, हाय ना थो. आमच्या आज्याच्याही पह्यलेचा हाय."

मग मी त्याला त्याचाच दगड समजावून सांगायला लागलो. वीरगळ म्हणजे काय, कुठल्या राजांच्या काळात अशी रीत होती, बायकांच्या हातातल्या माळेचा अर्थ काय. म्हातारा उकिडवा बसून ऐकत होता. मधेच त्याचा चेहरा उजळला आणि तो म्हणाला, "असन बापा. तुमी शिकेल मानसं. पन आमी याचं काय करतो का..."

"थांबा बाबा," मी म्हणालो, "आधी एवढं लिहून घेऊ द्या."

तो थांबला. मी लिहीत राहिलो. चौकटींची लांबी-रुंदी, वीराच्या ढालीचा आकार, अंबाड्याची पद्धत, सगळं टिपलं. चित्रकला मास्तर चित्र काढत होते. दगडाच्या बुडाला चिखल आणि गवत होतं ते त्यांनी काढलं, तर मी म्हणालो, "ते नको, नुसता दगड काढा, स्वच्छ." त्यांनी खोडलं. म्हातारा काय सांगणार होता ते मी पुन्हा विचारलंच नाही. मग सुनेनं चुलीत भाजलेल्या वांग्याचं भरीत आणि भाकरी वाढल्या, आणि निघताना माझ्या कॅरिअरवर वांग्यांची पिशवी बांधून दिली.

पौष-माघाच्या सुमाराला आमच्या हेडमास्तरांनी शाळेत प्रदर्शन भरवायचं ठरवलं. तपासणीसाठी साहेब येणार होते. "तुमच्या त्या इतिहासाचं काहीतरी ठेवा," ते मला म्हणाले. बस्स, तेवढंच. कोणता दगड आणा, कुठून आणा, असं त्यांनी सांगितलं नव्हतं. पण माझ्या डोक्यात त्या क्षणी तो वीरगळ उभा राहिला आणि त्याच्या शेजारी मी.

आम्ही गेलो तो बाजाराचा दिवस होता. हे मी योगायोगानं घडलं असं बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. बाजाराच्या दिवशी गावात कोणी नसतं हे मला माहीत होतं. मी किरकोळ रजा टाकली होती आणि चित्रकला मास्तरांनाही टाकायला लावली होती.

पहारीनं दगड हलवायला तासभर लागला. ओढताना आमचा सुताचा दोर तुटला. तेवढ्यात विहिरीवरून सून आली. हातात बादली तशीच.

"काऊन उपटून राह्यले मास्तर त्याले?"

मला घाम फुटला होता, आणि अशा वेळी माझी भाषा फार शुद्ध होते. मी म्हणालो, "वहिनी, शासनाचा आदेश आहे. प्राचीन अवशेष सुरक्षित ठिकाणी हलवायचे आहेत."

"मामाजी बाजारात गेले. थे आल्यावर न्या ना."

"शासकीय कामाला थांबता येत नाही."

चित्रकला मास्तर दुसरीकडे पाहत होते. ती जरा वेळ दगडाकडे बघत उभी राहिली. तिला काहीतरी बोलायचं होतं हे स्पष्ट दिसत होतं. पण समोर पाटलोण घातलेला माणूस उभा होता आणि त्यानं आदेश म्हटलं होतं. मी त्या गप्पपणाचा फायदा घेतला. एवढंच नाही, वर तोंड करून विचारलं, "वहिनी, एखादा मजबूत दोर आहे का?"

तिनं विहिरीवर जाऊन बादलीचा दोर सोडला आणि आणून दिला. अंबाडीचा होता, पिवळसर, हाताला गुळगुळीत झालेला. "परत आना बरं मास्तर," ती म्हणाली. "माह्या बापानं वळेल हाय. मी सासरी आली थवा सोबत देला होता."

"पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

दगड कॅरिअरवर आडवा बांधला. बसणं शक्यच नव्हतं. मी हँडल धरून पुढे आणि मास्तर मागून ढकलत, असे आम्ही त्या सायकलला नवरीसारखं सांभाळत निघालो. दोन कोस गेल्यावर मागचं टायर फुटलं, मग त्यात कडबा कोंबला. वाटेत कुणी विचारलं तर मी "पाटा आहे" म्हणून सांगत होतो. एवढा मोठा पाटा पाहून एक बाई म्हणाली, "केवढं घर हाय तुमचं!" मास्तर पहिल्यांदाच बोलले, पण हसून नाही. "आदेश कोनता बे?" त्यांनी मला विचारलं. आम्ही एकमेकांना अहोजाहो करायचो. त्या दिवशी त्यांनी मला बे म्हटलं आणि ते मला झोंबलं.

प्रदर्शनासाठी मी दगड दोन दिवस चिंचेनं आणि विटकरीनं घासला. काळा कुळकुळीत केला. पुढे पाटी लावली, तिच्यावर काळ लिहिला आणि काळापुढे कंसात प्रश्नचिन्ह. साहेब यायच्या दिवशी सकाळी ते प्रश्नचिन्ह पुसून टाकलं. मुलांनी दगडाला हात लावू नये म्हणून भोवती तीन बाजूंनी दोर बांधायचा होता. घरात तोच होता. मी त्याचे तीन तुकडे केले. साहेबांनी शेरेबुकात माझ्याबद्दल चार ओळी लिहिल्या, त्या मला अजून पाठ आहेत. प्रदर्शन संपल्यावर दोराचे तुकडे शिपायानं शेळ्या बांधायला नेले.

पुढचा रविवार आला आणि गेला. मी त्या बाजूला सायकल वळवलीच नाही. त्यानंतरचाही नाही. चित्रकला मास्तरांची उन्हाळ्यात बदली झाली. निरोपाच्या वेळी त्यांनी मला त्या दगडाचं चित्र दिलं, त्यांच्याकडे ठेवायचं नव्हतं म्हणाले.

पावसाळा गेला, दिवाळीची सुट्टी लागली. वरच्या अंगाला एक देऊळ पाहायचं राहिलं होतं आणि त्याची वाट त्याच उतारावरून जात होती. म्हटलं, वर्ष होत आलं, विसरले असतील. माणूस स्वतःच्या सोयीनं दुसऱ्याला विसरभोळा ठरवतो.

दगडाच्या जागी काठावर एक ओबडधोबड धोंडा पुरलेला होता आणि त्यावर छिन्नीनं एकच आडवी रेघ मारलेली होती. मला काही कळलं नाही. मळ्यात गेलो तर म्हातारा ओसरीत खाटेवर, डावा पाय बांबूच्या कामट्यांनी बांधलेला. मला पाहून उठायला लागला. "या मास्तर, या! लय दिसानं!" सुनेनं मला पाहिलं, पाण्याचा तांब्या आणून ठेवला, आणि दाराच्या चौकटीशी उभी राहिली.

पाय कसा मोडला ते म्हाताऱ्यानं सांगितलं. त्यानं सांगताना एकदाही आवाज चढवला नाही.

"थो दगड होता थवा कळे, मास्तर. पुराचं पानी गढूळ, तळ दिसत नाई. मंग दगडाकडं पाहाचं. खालच्या गायी बुडल्या का गाडी घालाची नाई. मधातल्या बाया बुडल्या का मानसानंही जाचं नाई. आमच्या आज्यानं बापाले सांगतलं, बापानं मले. यंदा थो दगड सरकारी लोकाईनं नेला म्हने. अन् भादव्यात पानी आलं. तीन दिवस कोनाले समजेना, जावं का नाई. नवीन निशानी कराची तं कोनंतरी पान्यात उतरूनच पाहा लागते ना. म्हटलं, तरन्या पोराईले काऊन उतरवाचं? मीच गेलो. मधात पाय सुटला. खाली त्या करंजापाशी अडकलो म्हनून वाचलो." मग हसून म्हणाला, "पन एक रेघ तं भेटली. थ्या रेघेवर पानी आलं का जाचं नाई, एवढं पक्कं झालं. बाकीच्या रेघा अजून बाकी हाय."

गेल्या वर्षी तो हेच सांगणार होता. "आमी याचं काय करतो का" एवढं म्हणाला होता आणि मी त्याला थांबवलं होतं. अर्ध्या मिनिटाचं बोलणं होतं. ते ऐकून घेतलं असतं तर म्हाताऱ्याचा पाय शाबूत राहिला असता. मला तिथल्या तिथे सांगायचं होतं की बाबा, तो सरकारी माणूस मीच. ओठांपर्यंत आलं होतं.

तर तो म्हणाला, "बरं झालं तुमी आले. एक अर्ज लिहून द्या मास्तर. सरकारले म्हना, दगड वापस करा. येत्या पावसाळ्याच्या आंधी आला पायजे. नाई तं पुढच्या रेघेसाठी मलेच लंगडत उतरा लागन."

त्यानं कोनाड्यातून कागद काढायला लावला. कागद त्यानं आधीच आणून ठेवला होता, लिहिणारा तेवढा मिळत नव्हता. आणि मी लिहिला. सविनय अर्ज करण्यात येतो की. माझं अक्षर सुंदर आहे. "सदरहू दगड अज्ञात इसमांनी" असं लिहून मी वाचून दाखवलं.

दारातून सून म्हणाली, "कोनी नेला थेही लिहा ना, मास्तर."

"तुले काय मालूम कोनी नेला?" म्हातारा म्हणाला. "सरकारी होते, तूच सांगतलं ना."

"हाव," ती म्हणाली. "सरकारीच होते."

"त्याच दिवशी हिनं बादलीचा दोरही विहिरीत पाडला," म्हातारा मला हसत सांगायला लागला. "बापानं देल्ला दोर. दोन दिवस जेवली नाई."

ती आत निघून गेली. माझ्या लक्षात आलं. दोर मी नेला हे सांगितलं असतं तर दगड न्यायला तिनंच हातभार लावला असं झालं असतं. माझ्या एका खोट्यानं मी तिलाही खोटं बोलायला लावलं होतं, आणि ती ते वर्षभर सांभाळत होती. म्हाताऱ्यानं अर्जावर अंगठा उठवला. मी तो खिशात घातला आणि टाकतो म्हणालो.

तो अर्ज मी कुठे टाकणार होतो? दगड परत नेणं एवढाच त्याला उपाय होता, आणि पावसाळ्याआधी. पण मी नोकरीत अजून कायम झालो नव्हतो. दगड शाळेच्या वहीत चढला होता, साहेबांचा शेरा होता. मागायला गेलो तर हेडमास्तर विचारतील, आणला कसा? मग सगळंच बाहेर येईल. मी थांबलो. म्हाताऱ्याचा पाय एका बाजूला आणि माझी नोकरी एका बाजूला, असं मी हिवाळाभर तोलत बसलो, आणि दर वेळी माझीच बाजू जड निघाली.

उन्हाळ्यात कायम झाल्याचा कागद हातात पडला, त्याच दिवशी मी धीर करून हेडमास्तरांकडे गेलो. ते व्हरांड्याला चुना मारून घेत होते. "तो धोंडा?" ते म्हणाले. "न्या बुवा, मधे येतोय." इतकंच. पहिल्याच आठवड्यात विचारलं असतं तरी ते हेच म्हणाले असते.

शिपाई आणि मी दगड कॅरिअरवर चढवला. या वेळी ढकलायला कोणी नव्हतं. उन्हं चढेपर्यंत एकटाच ओढत होतो. वाटभर मी एक वाक्य पाठ करत होतो, तेही माझ्या आईच्या बोलीत, जी मी टाकून दिली होती. "बाबा, थो दगड मीच नेला होता." मोठ्यानं म्हणून पाहिलं. बाभळीखाली बसलेला एक गुराखी माझ्याकडे टकमक बघत होता.

नदी आटून डोहाला आली होती. मी वाळूतून सायकल ओढताना म्हातारा काठीच्या आधारानं लंगडत पुढे आला, दगड पाहिला आणि ओरडला, "आला! आला रे! अर्जानं काम केलं!"

"बाबा," मी म्हणालो.

"बोलू नोका. पह्यले सावलीत या. पानी प्या." आणि गावाकडे तोंड करून, "मास्तरनं दगड आनला सरकारातून!"

माणसं धावत आली. दगड उतरवला. म्हातारा जमिनीवर बसला, दगडाच्या बुडावरून बोटं फिरवत राहिला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "किती खोल होता हा मास्तर? तुमी तं सारं लिहून घेतलं होतं ना?"

मी वही काढली. ढालीचा आकार होता. अंबाडे होते. चौकटींची मापं सुतासुतानं होती. दगड जमिनीत किती होता, ते नव्हतं. मास्तरांचं चित्र उलगडलं, तर त्यात बुडाचा चिखल मीच खोडायला लावला होता. दगडावर मातीचा डाग राहिला असता तर त्यावरून कळलं असतं, तो डाग मी विटकरीनं घासून काढला होता. जुना खड्डा पुरानं कधीच भरून टाकला होता. म्हातारा बराच वेळ बोटांनी ती खूण शोधत होता.

"एक वीत खालीवर झाला तं मानूस जाईन," तो शेवटी म्हणाला. "राहू द्या. आता हा नुसता दगड हाय."

त्याला वाईट वाटलेलं मला दिसलं. पण मला वाईट वाटू नये म्हणून त्यानं लगेच गावाला सांगितलं, "पन मास्तरनं मेहनत केली. एवढ्या उन्हात सायकलवर आनला. मास्तरचा सत्कार करा लागते." दगड निंबाच्या झाडाखाली टेकवला, कोणीतरी शेंदूर आणला, आणि ज्या गायींनी इतक्या पिढ्या गाड्या अडवल्या त्या शेंदरात बुजून गेल्या. सरपंचांच्या घरून टोपी आणि दुपट्टा आला. मला दगडाशेजारी घोंगडीवर बसवलं. पाठ केलेलं वाक्य माझ्या तोंडात होतं. म्हाताऱ्यानं स्वतःच्या हातानं मला टोपी घातली, तिची घडी नीट केली, आणि गावापुढे म्हणाला, "असे मास्तर पायजेत." मग सगळ्यांना खोबरं-साखर वाटली. पहिली चिमूट माझ्या तोंडात घातली.

बायकांनी कुंकू लावायला सुनेला पुढे केलं, कारण मी त्यांच्या घरचा पाहुणा. ती ताट घेऊन वाकली. माझ्या कपाळावर बोट टेकवलं. पाठ लोकांकडे होती, तिचा चेहरा मलाच दिसत होता. ओठ फारसे न हलवता ती म्हणाली, "अन् माहा दोर, मास्तर?"

माझ्या तोंडात खोबरं-साखर होती. ती मी गिळली. "पुढच्या रविवारी," मी म्हणालो.

त्या गावाला मी परत गेलो नाही.